तळाशी बसलेले मणी

आमच्या नगरच्या लॅबमध्ये रक्तातलं औषध मोजायची पद्धत इतकी सोपी, की ती बिघडवायला माझ्यासारखाच माणूस लागतो. सीरममध्ये लोखंडी गाभ्याचे, पिठापेक्षा बारीक मणी टाकायचे. औषध मण्यांना चिकटतं. नळीला बाहेरून चुंबक लावला की मणी एका बाजूला गोळा होतात. बाकीचं काढून टाकायचं, मणी धुवायचे, औषध सोडवून मशीनला द्यायचं.

त्या दिवशी शेवटच्या नळीत औषध जवळजवळ शून्य आलं. नळी होती पाथर्डीकडच्या एका ऊसतोड करणाऱ्या बाईची. विषाणूवरच्या गोळ्या चालू. हा आकडा डॉक्टरांकडे गेला की गोळ्या चुकवते म्हणून तिला बोलणी बसणार, आणि चांगलं चाललेलं औषध बदलणार.

बाई बाहेर बाकड्यावरच होती. लॅबच्या मोठ्या साहेबांनी तिला आत बोलावलं. "गोळ्या घेत नाही तुम्ही."

"एक बी चुकवली न्हाई. कारखान्याचा सांजचा भोंगा झाला की गोळी. भोंगा चुकंल, म्या न्हाई." तिनं बाही वर सारली. "घ्या परत रगत."

ती बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, "सगळे असंच म्हणतात. करा रिपोर्टवर सही."

मी पेन उघडलंसुद्धा. तेवढ्यात मण्यांच्या बाटलीकडे नजर गेली. वर नितळ पाणी, तळाला तपकिरी गाळ. मी नेवाशाचा, पंगतीत आमटीची बादली घेऊन फिरलेला. न ढवळता वाढलं की अख्खी पंगत ओरडते, "तळातून येऊ द्या की!" आणि मी शहाणा, शेवटच्या नळीआधी चहाला गेलो, आल्यावर बाटली न हलवता वरचं पाणीच बाईला वाढलं. मणीच नाहीत, तर औषध चिकटणार कशाला?

"सही नाही करत," मी म्हणालो. "घोळ माझा आहे. उरलेल्या सीरमवर पुन्हा करतो."

"किट काय तुमच्या बापाचं आहे?"

"नाही. गाढवपणा तेवढा खानदानी आहे."

"लॅबचं नाव जाईल."

"माझं कधीच गेलंय. सवय होते, साहेब."

बाटली अशी घुसळली, की टेबल हललं. या खेपेला औषध आलं, हवं तेवढं.

मी बाहेर जाऊन बाईला सांगितलं, "चूक माझी होती. तुमचं औषध बरोबर आहे."

"मला काय सांगता? मला ठावं हुतं. त्यास्नी सांगा."

मी तिला केबिनमध्ये नेलं. साहेबांनी आकडा पाहिला. "ठीक आहे. या आता."

बाई जागची हलली नाही. "आदी म्हना, गोळ्या घेती म्हनून."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दार लावून त्याला पाठ टेकली. त्या केबिनला दुसरं दार नाही.