काहून सर आणि बोलणारा लॅपटॉप

आमच्या भूगोलाच्या सरांचा बंद झाकणावर कधीच विश्वास नव्हता. घरात मिक्सर आला की वापरायच्या आधी त्याचे खालचे स्क्रू निघायचे आणि सर आत डोकावायचे. भिंतीवरचं घड्याळ, इस्त्री, शाळेतला पृथ्वीगोल, कशाचीच सुटका झाली नाही. गॅसची शेगडी आली तेव्हा मात्र सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, पक्कड लपवून ठेवली. "पयले सैपाक होऊ द्या, मंग काय उघडाचं थे उघडा," असं त्यांनी ठणकावलं. ही गोष्ट सर स्वतःच हसत हसत सांगायचे.

दिग्रसमध्ये त्यांना खऱ्या नावाने फारसं कोणी ओळखत नसे. ते सगळ्यांचे काहून सर, म्हणजे सारखं 'का?' विचारणारे सर. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचे, पण प्रश्न विचारायची वेळ आली की तोंडातून वऱ्हाडीच निघायची. "आपल्याकडे कपाशी होते, भात नाही होत. काहून?" काळी माती म्हणून, असं आम्ही सांगावं, तर लगेच "काळीच काहून?" एका उत्तराच्या पोटातून दुसरा प्रश्न काढायची त्यांची हातोटी अशी, की पहिल्या बाकावरच्या हुशार पोरीसुद्धा थकून जायच्या. त्या पोरींमध्ये मी होते, हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

पुढे मी बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचा क्लास काढला आणि सर निवृत्त झाले. एका सकाळी दुपट्ट्यात गुंडाळलेला लॅपटॉप काखेत घेऊन ते माझ्याकडे आले. मी "जयभीम सर" म्हटलं, तर जयभीम म्हणता म्हणता त्यांनी लॅपटॉप उघडून पडद्याचा कोपरा दाखवला. तिथे एक फिकट ओळ होती, विंडोज सक्रिय करा म्हणून सांगणारी. "हे मले रोज दिसते. काहून?" मी सांगितलं, की ज्या दुकानदाराने लॅपटॉप विकला त्याने आत विंडोजची नक्कल टाकून दिलीय, अस्सल नाही.

सरांनी पडद्यावरचं बोट मागे घेतलं. हा माणूस बोर्डाच्या परीक्षेला वर्गावर असला की पोरं खिशातल्या चिठ्ठ्या गेटबाहेरच फेकून येत. सख्ख्या पुतण्याची कॉपी पकडली म्हणून भावाने वर्षभर अबोला धरला होता, तरी सर हलले नव्हते. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "मी इतके वर्षं नकलेवर भूगोल लिहून राह्यलो?"

तो भूगोल म्हणजे आमच्या तालुक्याचा भूगोल. चौथीच्या पोरांसाठी सर एक छोटंसं पुस्तक लिहीत होते. पोरांना नाईल नदी कुठे उगम पावते ते पाठ असतं, आणि आपल्या गावातून वाहणारी धावंडा कुठून येते ते ठाऊक नसतं, याचा त्यांना मनापासून राग होता. आणि घाईही होती. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली काही दिवस सांभाळता येईल, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दिसतंय तोवर पुस्तक संपवायचं, एवढीच त्यांची धडपड.

मी विंडोजऐवजी लिनक्स सुचवलं. फुकट आहे, अस्सल आहे, जुन्या लॅपटॉपवर पळतं, आणि मुख्य म्हणजे ते आतून कसं बनवलंय हे कोणालाही उघडून पाहता येतं. शेवटचं वाक्य ऐकताच सर खुर्चीतून पुढे सरकले. "झाकण नाईच म्हणतं त्याले? मंग फुकट काहून देते?" मी म्हटलं, जगभरची माणसं मिळून बनवतात, ज्याला जे जमतं ते तो करतो. सरांना ते लगेच पटलं. "आपलं विहार असंच त बांधलं. कोणी विटा देल्या, कोणी गारा कालवला. विकाचं कोणाले होतं?"

जुनं काही पुसायच्या आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघता येतं. मी तसं लावून दिलं आणि दोनदा बजावलं, "सर, हे नुसतं बघायला आहे. यात लिहू नका, बंद केलं की सगळं जाईल." पण हात न लावता बघणं ही गोष्ट सरांना कधी जमली आहे का? आठवडाभर त्यांनी त्यातच धावंडेचं अख्खं प्रकरण लिहून काढलं. लॅपटॉप बंद होऊ नये म्हणून वायर लावूनच ठेवायचे. मग एका दुपारी लाइट गेली, जुन्या बॅटरीने मान टाकली आणि धावंडा गेली.

मी धावत त्यांच्या घरी पोहोचले. काकू डोक्याला हात लावून बसल्या होत्या. "डोये फोडून लिवलं व पोरी, अन् गेलं," त्या म्हणाल्या. त्या डोळ्यांना एक पान लिहायला किती त्रास होत होता, ते मी पाहिलं होतं. सर मात्र पेनड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट बघत होते. "आठवडाभर होतं न? मंग होतं कुठं थे? काहून गेलं, हे सांग आधी." मी सांगितलं, की ते लॅपटॉपच्या तात्पुरत्या आठवणीत होतं आणि ती वीज असेपर्यंतच टिकते. त्यांनी मान हलवली. "आता पक्कं बसवून दे. धावंडा मले पाठ हाये."

जुन्या फाइली काढून घेऊन मी लिनक्स कायमचं बसवलं. पहिल्याच दिवशी त्यांचा फोन, कीबोर्ड बिघडला म्हणून. हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाकताना काहीच उमटत नव्हतं. ना अक्षर, ना ठिपका. मी सांगितलं, बिघडलेलं नाही, तिथे दिसू नये अशीच सोय आहे. न बघता टाइप करा आणि एंटर दाबा. पलीकडून बटणांचा खडखडाट ऐकू आला. मग सर म्हणाले, "बरं झालं. आता मले असंच लिवा लागन. सवय होते."

मी फोन ठेवला आणि क्लास चालू असतानाही डोळे पुसले.

त्यानंतर मी त्या लॅपटॉपमधला वाचून दाखवणारा आवाज मराठीत चालू करून दिला. टाइप केलेलं तो बोलून दाखवायचा. पण बोलणं कसलं! भरभर, नाकातून, कुठेही तोडून. सर पहिल्यांदा इतके हसले की ठसका लागला. "हा कोण्या गावचा हाये व? उमरखेडकडचा त नाई वाटत." मग त्याच्याशी त्यांचं जमलं. त्याला विराम कळत नाहीत म्हणून सरांनी वाक्यं छोटी केली. तो जिथे अडखळायचा तिथे पोरंही अडखळतील, असं म्हणून अवघड शब्द काढून टाकले. विंडोजवर अडलं की कोणाला तरी बोलवायचे. इथे अडलं की आधी स्वतः खटपट करायचे आणि जमलं की कसं जमलं ते मला फोनवर शिकवायचे. तेच मी क्लासमध्ये शिकवायची, आणि फी मात्र मी घेत होते पोरांकडून.

नजर हळूहळू गेलीच. मी जायची तेव्हा पडदा पूर्ण काळा केलेला असायचा, सर खाटेवर बसून टाइप करत असायचे आणि तो परका आवाज खोलीत बडबडत असायचा. पुस्तक पूर्ण झालं. छापून आलं. विहारात छोटासा कार्यक्रम झाला, तेव्हा सरांनी पानांचा वास घेतला आणि नकाशा सरळ छापलाय ना, हे मला तीनदा विचारलं. सरळ होता.

यंदा कपाशी फुटायच्या दिवसांत सर गेले. झोपेतच, कोणाला त्रास न देता.

परवा काकूंचा निरोप आला, लॅपटॉप बघून जा म्हणून. मला वाटलं, विकायचा असेल. गेले तर लॅपटॉप चालू होता. काकू समोर पाटावर बसल्या होत्या, मांडीवर निवडायची भाजी तशीच, आणि तो आवाज धावंडेचं प्रकरण वाचत होता. छापलेलं पुस्तक बाजूलाच होतं आणि काकूंना वाचता येतं. तरी त्या ऐकत होत्या.

"बिघडला का काकू?" मी विचारलं.

"नाई व. चांगला बोलते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "फक्त जरा हळू करून दे पोरी. लवकर सरून जाते."