गाळलेला शुक्रवार

कॅलेंडरच्या चौकटींवरून सरकणारं आईचं बोट षष्ठी आणि अष्टमीच्या मध्ये अडलं. बाबांची तिथी सप्तमीची. यंदा वैशाखात नेमका तिचाच क्षय. चौकटीत तेवढं बारीक अक्षरात लिहिलेलं.

“म्हणजे यंदा ह्यांचा दिवसच नाही?”

तिला धीर यावा म्हणून मी नुकतंच वाचलेलं सांगितलं. प्रशांत महासागरात सामोआ नावाचा एक चिमुकला देश आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यवहार सोपा व्हावा म्हणून त्यानं तारीख बदलणाऱ्या आंतरराष्ट्रीय वाररेषेपलीकडे उडी घेतली आणि एक अख्खा शुक्रवार गाळला. लोक गुरुवारी रात्री झोपले, ते एकदम शनिवारीच उठले.

“आणि त्या शुक्रवारी ज्यांच्या घरी कुणाचा दिवस असेल, त्यांनी काय केलं?”

आता मीच गोंधळलो. त्या शुक्रवारी ज्या पोराचा वाढदिवस होता, ते मोठं कधी झालं? ‘शुक्रवारी येतो’ म्हणून कुणी सांगून गेलं असेल, तर घरच्यांनी वाट कधी पाहायची? दिवस माणसांनीच आखलेत, हे मला कळतं. पण चौकट पुसली की तिच्यातलं माणूस कुठे जातं, हे काही केल्या कळेना.

“गुरुजी सांगतील तो दिवस धरू,” मी म्हटलं.

“आपण धरू रे. पण ह्यांना कोण कळवणार?”

सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या मी षष्ठी आणि अष्टमी, दोन्ही दिवसांची रजा टाकली.