हालिनाने दादासाहेबांना खाली बसवलं

हालिना कीव्हमध्ये रोज सकाळी टीव्हीवर असायची. बसमध्ये लोक उठून तिला जागा देत. मँचेस्टरला आल्यावर ती आमच्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या ओल्या चादरी उचलू लागली. तिथे तिला कोणी जागा दिली नाही. मीही नाही. सुरुवातीला चादर अशी धरायची, जणू प्रेक्षकांना दाखवते आहे. मग हातांची सालं निघाली आणि काम शिकली. कुरकुरली नाही. तेवढ्यावर आमची दोस्ती जमली.

"शशी, मला परत माइक हवाय."

"आधी ते टोक धर."

२००६ च्या आंबेडकर जयंतीला मँचेस्टरमधल्या आम्हा मराठी मंडळींना सूत्रसंचालक मिळेना. ज्याला त्याला भाषणच करायचं होतं. मी हालिनाला उभं केलं. इथल्या एका छोट्या केबल चॅनेलवर शनिवारचा मुलाखतींचा कार्यक्रम करणारा गिरीश निवेदक शोधत होता. तो तिला म्हणाला, "आठला कार्यक्रम संपव, नोकरी तुझी. आपल्या लोकांना जी थांबवेल, तिला काहीही जमेल."

सगळं वेळेवर चाललं होतं. मग शेवटचे वक्ते दादासाहेब उठले. माणूस लाखमोलाचा, पण बोलणं घाऊक. आठ वाजत आले, तरी त्यांच्या आयुष्यात अजून चौथीचीच परीक्षा चालू होती.

हालिनाने पुष्पगुच्छ उचलला आणि मंचावर जाऊन त्यांच्या हातात दिला. तिच्या देशात फुलं मिळाली की माणूस वाकतो आणि जातो. आमच्याकडे सत्कार झाला की बोलायला लागतो. दादासाहेब गहिवरले. "या भगिनीने केलेल्या सन्मानाबद्दल दोन शब्द," म्हणाले, आणि नव्याने सुटले.

गिरीश घड्याळाकडे बघून हसत होता. हालिना पांढरीफटक होऊन माझ्याकडे आली.

"तुमचे लोक बोलणं संपवताना ते काय म्हणतात?"

"जय भीम."

ती दुसऱ्या माइककडे गेली आणि अख्ख्या कीव्हला उठवणाऱ्या आवाजात म्हणाली, "जय भीम!"

हॉल गरजला, "जय भीम!"

दादासाहेबांनी सवयीने हात जोडले, "जय भीम, जय भारत," म्हणाले आणि बसले. बसल्यावर लक्षात आलं. तोवर लोक जेवणाकडे सुटले होते.

"अहो शशी, माझा मुख्य मुद्दा राहिला!"

"पुढच्या जयंतीला, दादासाहेब. भात निवतोय."

गिरीशने शब्द पाळला. हालिनाचा कार्यक्रम काही वर्षं चालला. तिचं निम्मं इंग्रजी आमच्या बायकांच्या डोक्यावरून जायचं, तरी शनिवारी कोणी टीव्हीसमोरून हलत नसे. मी बायकोला, रेखाला, विचारलं, हिच्यात असं काय आहे?

"पाहुण्याला वेळेवर घरी पाठवते," रेखा म्हणाली. "तुमचे मित्र दारात चपला घालून तासभर बोलतात."