मोराचा पिसारा आणि माझा डावा पाय

माझ्या डाव्या पायाबद्दल आमच्या गावात बरंच बोलून झालंय. पारावर झालंय, पिठाच्या गिरणीत झालंय, भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर व्हिडिओसकट झालंय. आता पायाची मालकीण बोलणार आहे. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी खुशाल उठून जावं.

आमचं गाव कोरेगावपासून थोडं आत. नवरा फौजेत ट्रक चालवायचा. निवृत्त होऊन आला आणि जीपगाडी, दुकान असलं काही न बघता त्यानं ट्रकच घेतला. पुढं मणक्यानं दगा दिला. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा घरी भेटायला येणारी माणसं ट्रकला गिऱ्हाईक आहे का, हेच हळू आवाजात विचारून जायची. मी त्यांना चहा दिला आणि ट्रक चालवायचा परवाना काढून आले. शिकवायला घरातच उस्ताद होता. आमच्या पडीक रानात त्यानं माझ्याकडून इतक्यांदा गाडी मागं-पुढं करून घेतली की त्या रानात पुढं गवतसुद्धा नीट उगवलं नाही.

तेव्हापासून आमच्या भागातली हळद मी सांगलीच्या बाजारात नेते. पदर खोचायचा, चपला दाराशी काढायच्या आणि अनवाणी केबिनमध्ये चढायचं. चप्पल घालून केबिनमध्ये पाय ठेवायचा नाही, हा आमच्या घरचा दंडक. देवळात आणि ट्रकमध्ये आम्ही सारखेच वागतो.

माझे धाकटे दीर ट्रकात निम्म्याचे भागीदार. माणूस वाईट नाही. नटायची हौस फार, आणि ती सगळी ते ट्रकवर भागवतात. गोंडे त्यांचे, आरसे त्यांचे, समोरच्या काचेवरची झालरही त्यांचीच. वहिनी ट्रक चालवते, हे मात्र त्यांच्या घशात कायम अडकलेलं. पगारी ड्रायव्हर ठेवायचा विषय ते जेवताना काढायचे, आणि मी भाकरी वाढायची थांबवली की मिटवायचे.

मग क्लच गेला. चढाला इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी मात्र आळसावलेल्या म्हशीसारखी पुढं सरकायची, आणि केबिनभर जळका वास. क्लचची प्लेट झिजली होती. झिजणारच, नवऱ्याच्या काळापासूनची होती. पण दिरांनी निकाल देऊन टाकला की वैनींचा पाय सारखा क्लचवर असतो, म्हणून प्लेट जळली. कराडच्या मिस्त्रीनं प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवं घातलं. त्यावर दीर घरातल्या सगळ्यांसमोर म्हणाले, की आता ह्या नव्या क्लचनं नुसती कुरकुर जरी केली, तरी ड्रायव्हर ठेवायचा. गप्प बसेन ती मी कसली. मीही सगळ्यांसमोर म्हटलं, की तसं झालं तर ड्रायव्हरच्या हातात किल्ली मी स्वतः देईन.

ट्रक आणायला कराडला दीर स्वतः गेले आणि चालवत घेऊन आले. गाडी लोण्यासारखी चालते, असं त्यांनी वेशीपासून घरापर्यंत भेटेल त्याला सांगितलं. आमच्याकडं मोठं काम करून आलेली गाडी नुसती दारात उभी करत नाहीत. भाकरतुकडा ओवाळला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. मग दिरांनी प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांचा खास आहेर काढला. केबिनमध्ये अंथरायला गालिचा. हिरवागार, खाली फोम लावलेला, आणि त्यावर पिसारा फुलवलेला मोर. जावेनं मोराच्या डोक्यावर हळदकुंकू वाहिलं. दीर अंथरायला गेले तर गालिचा हातभर लांब. पिसारा समोरच्या पत्र्याला धडकून उभा राहायला लागला. जाऊ म्हणाली, शेपटाकडून कापा. दीर म्हणाले, पूजा झालेल्या वस्तूला कात्री लावायची नसते. त्यांनी पिसाऱ्याची घडीवर घडी घातली आणि ती पेडलांच्या खाली सारून दिली. मोर छान बसला. मीही कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, पायाला मऊ लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीची पोती भरून झाली. दारात नेहमीची मंडळी. नवरा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला. मी चढले, गाडी चालू केली, क्लच दाबला आणि पहिला गेअर टाकला.

खर्रर्र.

लोखंडी पिंप कुणी फरशीवरून ओढत न्यावं तसा तो आवाज. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. रिव्हर्सला तर पारावरची कुत्री उठून गेली. दिरांनी तोवर मोबाईल काढला होता. व्हिडिओ काढताना ते एवढे खूश दिसत होते, की मला त्यांचं लग्न आठवलं.

मी उस्तादाच्या शिकवणीनं गेले. इंजिन बंद करून गेअर टाकून पाहिले, तर सगळे गुमान पडले. म्हणजे गेअरबॉक्स ठणठणीत. इंजिन चालू असलं की मात्र अडतात. म्हणजे पेडल दाबूनही क्लच इंजिनला पुरतं सोडत नव्हता, आणि आतल्या फिरत्या चाकात गेअरचे दात आपटत होते. क्लचच्या तेलाच्या लाईनीत हवा राहिली असेल म्हणून पेडल भराभर हापसून पाहिलं. फरक नाही. तेलाची बाटली काठोकाठ. पदर कमरेला आवळून गाडीखाली शिरले, तर तिथंही सगळं कोरडं. गळतीचं नाव नाही.

मिस्त्रीला फोन केला. तो दुपारी कराडहून मोटरसायकलवर आला आणि त्याच्या मागं पिशवी मांडीवर घेऊन एक अनोळखी माणूस बसलेला. चौकशी केली तर कळलं, तो ड्रायव्हर. दिरांनी परस्पर बोलावून घेतला होता. बिचारा अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसला आणि माझ्याकडं बघायचं टाळत राहिला.

मिस्त्री केबिनमध्ये चढायला गेला आणि थबकला. त्याच्या पायांना ग्रीस, आणि समोर हळदकुंकवाचा मोर. भला माणूस. त्यानं मोराला हात लावून कपाळाला लावला, गालिचा अलगद गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवला आणि मग बसला. गाडी चालू केली. पहिला, दुसरा, रिव्हर्स. आवाज म्हणून नाही. शाळेपर्यंत जाऊन आला. उतरताना गालिचा होता तसा, घडीसकट, अंथरून ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाला, "वैनी, गाडीला काय बी झालं न्हाई. पाय पुरता दाबावा लागतुया. बायकांचा अर्ध्यातच र्‍हातुय."

माणसं हसली. मी चढले, क्लच दाबला, गेअर टाकला. खर्रर्र. माणसं जास्त हसली.

दिरांनी हात पुढं केला. "किल्ली द्या वैनी. ठरलंय तसं." मग ओट्याकडं वळून म्हणाले, "दादा, तुमीच सांगा की."

नवऱ्यानं खुर्चीतून मानसुद्धा हलवली नाही. "किल्ली तिच्यापाशी हाय. मला काय इचारतोयस?"

मी म्हटलं, देते, जरा दम धरा, आणि तिथंच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. काल दिरांनी चालवली तेव्हा गाडी बरी. आज मिस्त्रीनं चालवली तेव्हाही बरी. फक्त मी बसले की बिघडते. खाली जमलेल्या सगळ्यांना ह्याचं उत्तर मिळालेलं होतं, की ही बाई आहे. पण बाई मी जन्मापासून आहे. ह्याच ट्रकवर इतकी वर्षं सांगली केली, तीही बाई असतानाच केली. म्हणजे नवीन काहीतरी दुसरंच होतं. मिस्त्रीनं बसण्याआधी काय केलं? मोराला नमस्कार केला.

मी डाव्या पायाचा अंगठा हळूच पेडलच्या मागं घातला आणि चाचपलं. पत्रा लागेचना. फोम, त्यावर फोम, त्यावर आणखी फोम. नव्या क्लचनं पेडलची चाल बदलली असेल, मला वाटत होतं ते इथंच संपतं. ते संपत नव्हतं. ते मोराच्या पिसाऱ्यावर जाऊन बसत होतं.

दुसरी कुणी असती तर तिनं लगेच गालिचा ओढून काढला असता आणि विषय संपवला असता. मला विषय एवढ्या स्वस्तात संपवायचा नव्हता. सकाळपासून प्रेक्षक जमलेले, दुपारी मिस्त्री आलेला, कराडहून खास पाहुणा आलेला. मी जमेल तेवढा पडलेला चेहरा करून खाली उतरले आणि किल्ली दिरांच्या तळहातावर ठेवली.

"घ्या भावजी. पर नव्या माणसाला गाडी तुमीच दावा. मालकानं चालवून दावली म्हंजे त्याला बी बरं वाटंल."

दिरांनी मोबाईल जावेच्या हातात दिला आणि व्हिडिओ काढायला सांगितलं. चपला काढल्या. दीर चढले, मोरावर पाय ठेवून ऐटीत बसले, क्लच दाबला.

खर्रर्र.

त्यांनी आधी गेअरकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडं पाहिलं. पुन्हा टाकला. सीटवरून अर्धे उठून, दात खाऊन क्लच दाबला. खर्रर्र. ओट्यावरून नवऱ्याचा खोकल्यासारखा आवाज आला. त्याला खोकला नव्हता.

मी पायरीशी जाऊन उभी राहिले. "पुरता दाबा की भावजी. का तुमचा पाय बी बाईचाच निघाला?"

आता कुणाला कुणाकडं बघून हसावं ते कळेना. मिस्त्री पुढं आला, मी त्याला हातानंच थांबवलं. दिरांना उतरायला लावलं, स्वतः चढले आणि पेडलखालची घडी ओढून काढली. सगळा पिसारा हातावर घेऊन बाहेर एकदा फडकवून दाखवला, कारण तेवढं माझ्या हक्काचं होतं. मग क्लच दाबला. सकाळपासून पेडल जिथं थांबत होतं ती जागा ओलांडून ते खाली गेलं, पार पत्र्यापर्यंत. क्लच सुटतो तो त्या शेवटच्या टप्प्यात, आणि तोच टप्पा मोरानं अडवून धरला होता. पहिला गेअर मी दोन बोटांनी टाकला. इंजिनाशिवाय कसलाही आवाज झाला नाही.

मिस्त्री म्हणायला लागला की मी पुरता दाबा असंच सांगितलं होतं.

"पुरताच दाबला व्हता मिस्त्री," मी म्हटलं, "पर खाली मोर व्हता."

जाऊ अजून व्हिडिओ काढत होती. दिरांनी मोबाईल मागितला, तर म्हणाली, थांबा, ग्रुपवर चाललाय. मग स्वतःच्या नवऱ्याचे दात आवळलेले, आवाज खर्रर्र, असा तो व्हिडिओ ती अगदी मनापासून पाठवत बसली. सकाळचा माझा व्हिडिओ त्याच्या वर होताच. लोकांनी दोन्ही पाहिले.

दिरांनी घरातून कात्री आणली आणि पिसारा कापतो म्हणाले. मी कापू दिला नाही. पूजा झालेल्या वस्तूला कात्री लावायची नसते, हे त्यांचंच म्हणणं. गालिचा गुंडाळून सीटवर टाकला. सांगलीला पोचायला आधीच उशीर झाला होता.

तेवढ्यात लिंबाखालचा ड्रायव्हर पिशवी घेऊन ट्रकपाशी आला. मिस्त्री इथून दुसऱ्या गावाला जाणार होता आणि ह्याला परत न्यायला कुणी उरलं नव्हतं. त्यानं खालमानेनं विचारलं, "वैनी, कराडपतूर येऊ का?"

त्याला म्हटलं, चपला काढून या. तो चढला, शेजारी बसला आणि गालिचा कुठं ठेवू म्हणाला. मी त्याला तो मांडीवर धरायला सांगितला. मग आरशात पाहिलं. ओट्यावर नवरा खुर्चीत नीट सावरून बसला होता, दारात दीर कात्री घेऊन उभे होते. मी डावा पाय पत्र्यापर्यंत दाबला, गाडी गेअरमध्ये टाकली आणि वेशीबाहेर काढली. कराड येईपर्यंत तो बापडा मोर कवटाळून बसला होता, आणि प्रत्येक गेअरला माझ्या पायाकडं बघत होता.