कज्जेदादा आणि शांतीचा दगड

जव्हारच्या बागेत शांतीचा स्तंभ उभारायची कल्पना ज्यांच्या डोक्यात आली, त्यांच्याइतका भांडकुदळ माणूस अख्ख्या संस्थानात दुसरा नव्हता. ते संस्थानच्या कोर्टात वकिली करत. नाव चांगलं भारदस्त होतं, पण गावाने त्यांना कज्जेदादा करून टाकलं होतं आणि त्यांनाही ते मनातून आवडत असावं. मी लग्न होऊन आले ती त्यांच्या शेजारच्याच घरात, म्हणून मी आपली वकीलकाका म्हणे.

सकाळी अंगणात रांगोळी घालताना त्यांचा खणखणीत आवाज कानी पडायचा. भाजीवाली असो, दूधवाला असो, काकांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "कायद्याने बोल." एकदा न्हाव्याशी अर्धी दाढी झाल्यावर वाद निघाला. काका तसेच अर्ध्या दाढीनिशी कोर्टात गेले आणि मुद्दा सोडला नाही. पण रानातून सरपण आणणाऱ्या एखाद्या गरिबाला शिपायाने अडवलं, तर हाच माणूस त्याची बाजू घेऊन घसा कोरडा करी, आणि बदल्यात त्याच्या फडक्यातली नाचणीची भाकरी मिटक्या मारत खाई.

आमच्या घराशी त्यांचा दावा होता पागोळ्यांचा. त्यांच्या कौलांवरचं पाणी आमच्या अंगणात पडे. जव्हारचा पाऊस म्हणजे काही शिंतोडे नव्हेत. माझे सासरे, मामंजी, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांनी फिर्याद केली, काकांनी उलट फिर्याद केली, आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते वर्षानुवर्षं. माझ्याशी मात्र काकांचं वैर नव्हतं. कुंपणावरून हळूच विचारत, "सूनबाई, फिर्यादी जेवले का?"

विलायतेकडची मोठी लढाई संपल्याची बातमी आली तेव्हा राजवाड्यावर दिवे लागले, शाळेत साखर वाटली. काका म्हणाले, दिवे सकाळी विझतात. आपण नागरिकांनी आपल्या हातांनी टिकेल असं काहीतरी उभारू. दरबाराने बागेतला एक कोपरा दिला. मग कोणी चुना देऊ केला, कोणी गाडी, कोणी नुसती अंगमेहनत. समिती नेमली, तीत मामंजीही होते, कारण अक्षर त्यांचं सुंदर. दोघे एकाच सतरंजीवर बसत आणि एकमेकांना जे सांगायचं ते अध्यक्ष झालेल्या डॉक्टरांना सांगत. मामंजींना स्तंभावर 'विजय' हा शब्द हवा होता, काकांना 'शांती'. डॉक्टर बिचारे मान इकडून तिकडे वळवून थकले.

तशात दगडाची अडचण आली. साखरशेत गावच्या भिवाच्या बांधावर एक उंच, काळाभोर दगड होता. भिवाचा मुलगा खेचरांच्या तांड्याबरोबर त्या लढाईवर गेला होता, तो परत आला नव्हता. काकांनी कारकुनाला पाठवून दगड मागितला. भिवाचा निरोप आला की दगड देतो, पण वकील आणि मास्तर एका गाडीत बसून मागायला येतील तर. बाजाराला आलं की दोघांचं वैर त्याच्या कानावर येतच असे. भिवाचा एक खटला काकांनीच लढवला होता, त्यामुळे त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

काकांच्या घरातून तेव्हा आवाज यायचा बंद झाला. आम्हाला वाटलं, माणूस आजारी पडला. मग एका सकाळी दारात बैलगाडी उभी राहिली. मामंजींनी पगडी घातली आणि माझ्याकडे न बघता, साखरशेताला जाऊन येतो, एवढंच म्हणाले. अर्धं जव्हार ओट्यावर येऊन बघत होतं. गाडीत दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

पुढचं गाडीवानाने सांगितलं. उतारापर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. उतारावर एक बैल बिचकला, आणि काका त्याला मोठमोठ्याने शिस्त लावू लागले. तेव्हा मामंजींना राहवलं नाही.

"वकीलसाहेब, बैल तुमचा अशील नाही. त्याला गप्प चालू द्या."

त्यावर काका असे भांडायला लागले म्हणे, की साखरशेत कधी आलं ते कळलं नाही.

भिवाने दोघांना बांधावर बसवलं, पाणी दिलं. दगडावर काय लिहिणार, ते त्याने विचारलं. दोघांनी आपापला शब्द सांगितला. भिवाने दगडावरची माती हाताने झाडली.

"माझा पोर गेला," तो म्हणाला. "जिंकला कोन, ते माना कोनी सांगला नाय."

परतताना गाडी दूर असतानाच दोघांचा आरडाओरडा ऐकू आला. मी घाबरून दारात आले. वाद चालला होता तो 'शांती' या अक्षरांचं वळण कसं असावं, यावर. अक्षरं मामंजींनीच काढून दिली. स्तंभ उभा राहिला त्या दिवशी भिवा त्याला पाठ टेकून बराच वेळ बसला होता. पुढच्या पावसाळ्याआधी काकांनी आपल्या वळचणीला पन्हळ बसवली आणि दावा निकाली निघाला. भांडणं मात्र रोज होत, ओट्यावर बसून, मी केलेला चहा पीत.

काही वर्षांनी काकांची नजर गेली आणि लेक त्यांना नाशिकला घेऊन गेली. निघताना त्यांनी मामंजींचा हात हातात घेतला. दोघांनाही भांडायला काही सुचलं नाही. वर्षाच्या आतच काका गेल्याचं कळलं.

त्या संध्याकाळी मामंजी बागेत निघाले, म्हणून मीही सोबत गेले. स्तंभापाशी गावात नवीन बदलून आलेले एक कारकून उभे होते. त्यांनी विचारलं, हे कोणी उभारलं?

"आमच्या वकिलांनी," मामंजी म्हणाले.

भेटता येईल का त्यांना, असं कारकुनांनी विचारलं. मामंजींनी उपरण्याने चष्मा पुसला.

"सध्या नाशिकला असतात," ते म्हणाले.