दुकानाचं नाव: बंद आहे
घड्याळजींचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधली फट. आत एक जण बसतो, एक उभा राहतो, आणि तिसरा आला तर पहिल्या दोघांना पोट आत घ्यावं लागतं. तीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावल्यामुळे वर बघताना घड्याळजींचा डावा डोळा आपोआप मिटतो. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा डोळा मारतोय. एक बाई तर तक्रार घेऊन थेट घरी गेल्या होत्या. घड्याळजींची बायको त्यांना शांतपणे म्हणाली, "अहो, एवढं धाडस असतं तर मला आधी कळलं असतं."

चार वर्षांपूर्वी पुतणीने फोनवरून त्यांना फोटो टाकायच्या ॲपवर अकाउंट उघडायला लावलं. "नाव विचारतंय ना, काका? दुकानाच्या पाटीवर आहे तेच टाका."

घड्याळजींनी मान वर केली. दाराच्या काचेला टांगलेली पाटी समोरच होती. तिच्या रस्त्याकडच्या बाजूला 'चालू आहे' असायचं आणि आत बसणाऱ्याला दिसायचं 'बंद आहे'. त्यांनी इमानदारीने तेच टाकलं. 'अचूक वॉच रिपेअरिंग' हा मोठा फलक त्यांच्या डोक्यावर, बाहेरच्या बाजूला होता. त्याची त्यांना आठवणही झाली नाही.

मग ते रोज दुरुस्तीला आलेल्या एका घड्याळाचा फोटो टाकू लागले. काटे जिथे थांबलेत तिथेच, खाली एक ओळ. "सहा वाजून दहा. साहेब म्हणतात पाण्यात पडलं. आतून चहा निघाला." "पावणेतीन. ताई म्हणतात आपोआप थांबलं. मिस्टर सोबत होते, ते काहीच म्हणाले नाहीत." वर नाव 'बंद आहे'. लोकांना वाटलं, कोणीतरी फार खोल माणूस दिसतोय. बघता बघता नऊ हजार जण मागे लागले. त्यातल्या निम्म्यांना हे खरोखरचं दुकान आहे याचा पत्ताच नव्हता.

पुतणीने लाजेकाजेस्तव 'अचूक' नावाचं दुसरं अकाउंट काढलं. त्याला एक्केचाळीस जण, त्यातले नऊ घरचे.

हे असंच चाललं असतं, पण एका घड्याळ कंपनीला त्या भागात एक अधिकृत दुरुस्ती केंद्र नेमायचं होतं. अस्सल सुटे भाग फक्त त्यालाच मिळणार. बाकीच्यांनी सेल बदलत बसायचं. सेल बदलण्याला घड्याळजी दुरुस्ती मानत नसत. "ते बल्ब लावण्यासारखं," असं म्हणायचे. समोरच्या चकचकीत शोरूमनेही अर्ज केला होता. अट अशी, की दुकानाच्याच नावाचं अकाउंट हवं आणि त्याला किमान पाच हजार फॉलोअर्स हवेत. कंपनीच्या बाई दहा दिवसांनी तपासायला येणार होत्या.

"दोन्ही अकाउंट जोडून टाकू," पुतणी म्हणाली. पण नावं सारखी असल्याशिवाय ॲप जोडू देईना. मग तिने मोठ्या अकाउंटचं नाव बदलून 'अचूक' केलं आणि कॉलेजला गेली.

दुपारपर्यंत सातशे जण गळाले. "हा कोण? याला मी कधी फॉलो केलं?" एकाने लिहिलं. "बंद आहे बंद झालं का?" दुसरीने विचारलं. घड्याळजी डबा उघडाच ठेवून आकडा बघत बसले. काटे उलटे फिरताना त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिले. पुतणी धावत आली, तिने जुनं नाव परत टाकलं. गळती थांबली. पण ॲपने बजावलं, आता चौदा दिवस या नावाला हात लावायचा नाही.

"संपलं," पुतणी रडकुंडीला आली. "बसा आता सेल बदलत."

घड्याळजींनी भिंग काढून पुसलं. "काटा जागचा हलतच नसेल, तर काय करायचं?"

"काय?"

"डायल फिरवायची. गिऱ्हाइकाला सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पेंटर मोठा फलक रंगवायला शिडीवर चढला. चढल्यावर थांबला. "मालक, दुकान बंद केलंत का नाव ठेवलंत?"

"नाव ठेवलं."

"मग चालू आहे हे कुठे लिहू?"

"ती पाटी आहे दाराला. तू तुझं काम कर."

बायको डबा घेऊन आली आणि फलकाकडे बघतच राहिली. "अचूकच्या मालकाला दिलं होतं मला माहेरच्यांनी. आता हे काय?"

"इतक्या वर्षांत मी तुला कधी चालू वाटलो का?"

"तेही खरंच," ती म्हणाली आणि डबा ठेवून गेली.

पुतणीने धाकट्या अकाउंटचंही नाव 'बंद आहे' केलं. ॲपने मुकाट्याने दोन्ही जोडली. त्या एक्केचाळीस जणांना कोणी विचारलं नाही.

ठरलेल्या दिवशी घड्याळजी सकाळपासून इस्त्रीच्या शर्टात बसून होते. बारा वाजता फोन आला.

"मी येऊन गेले. तुमचं दुकान बंद होतं," कंपनीच्या बाई म्हणाल्या.

"फलक वाचलात?"

"वाचला ना. एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, बंद आहे."

"आणि अकाउंटचं नाव?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "तेच आहे," बाई म्हणाल्या.

"मग नाव तपासून झालं तुमचं. आता आकडा बघायला आत या."

बाई परत आल्या. घड्याळजींनी मान वर केली आणि सवयीने त्यांचा डावा डोळा मिटला. "तो तसाच आहे हो त्यांचा," पुतणी घाईघाईने म्हणाली. बाईंनी आकडा लिहून घेतला, मग खालच्या ओळी वाचू लागल्या. चहा निघालेल्या घड्याळापाशी त्या हसल्या आणि सावकाश आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून पुढे ठेवलं. ते गेल्या वर्षीच थांबलेलं होतं.

महिन्याभराने कंपनीकडून छापील फलक आला, 'अधिकृत दुरुस्ती केंद्र: बंद आहे'. घड्याळजींनी तो दाराशेजारी ठोकला. समोरच्या शोरूमवाल्याने तो वाचला, आणि दिवसभर फार खुशीत होता.