पोटानं उचलायची गोणी

माणसाचं पोट बोटानं दाबून त्याचं म्हातारपण कसं जाईल ते सांगणारा आमच्या देवळाली प्रवरेत एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझा शेजारी होता. राहुरीच्या बाजारात उभं आयुष्य कांद्याच्या गोण्या वाहिलेले हे आमचे हमालचाचा. खुशाली विचारण्याआधी त्यांचं बोट समोरच्याच्या बेंबीशेजारी रुतायचं. मग ती बँकेची रांग असो की लग्नाची पंगत. एकदा तर मांडवात हळदीच्या अंगानं बसलेल्या नवरदेवालाच त्यांनी दाबून पाहिलं आणि त्याच्या सासऱ्याला बजावलं, "पोरगं गुनी हाय, पन मधून पोकळ हाय." बिचारा सासरा दिवसभर जावयाच्या तब्येतीची चौकशी करत फिरत होता.

"गोनी पाठीनं उचलायची न्हाई गुरुजी, पोटानं उचलायची. आदी पोट आवळा, मग हात घाला," हे त्यांचं सगळं शास्त्र. सत्तरीतही ते रोज सकाळी ओट्यावर रिकामं पोतं अंथरून, कोपरं आणि चवडे टेकवून, अंग फळीसारखं ताठ धरून राहत. आत चाचींच्या चहाला उकळी येईपर्यंत उठायचं नाही, असा नेम. चाची मुद्दाम गॅस बारीक ठेवतात, असा त्यांचा कायमचा आरोप होता.

माझ्यासाठीही त्यांनी कितीदा शेजारी पोतं अंथरलं. मी खुर्चीतला मास्तर. दोनदा आडवा झालो, त्यात एकदा चक्क डोळा लागला. "उद्यापासून नक्की, चाचा," असं म्हणत मी नऊ वर्षं काढली. शेवटी शाळेतलं कपाट एकट्यानं सरकवायला गेलो आणि कंबरेतली चकती सरकली. पोटाचे न् कंबरेचे स्नायू पार ढिले पडलेत, यापुढे वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. चाचा भेटायला आले तेव्हा मला वाटलं, आता चांगलीच खरडपट्टी निघणार. पण ते उशाशी टेकले. "माजंच चुकलं," म्हणाले. "हमालाच्या पोरांना शिव्या घालून करून घेतलं. तुमी गुरुजी पडला, तुमाला कसा दम देनार?"

या हिवाळ्यात चाचा गेले. बाजारातले सगळे हमाल आले होते. कब्रस्तानाच्या वाटेवर जो तो पुढे होऊन जनाज्याला खांदा देत होता आणि चार पावलांवर दुसऱ्याला जागा करून देत होता. त्यांच्या मुलानं मला पाहिलं, बाजूला सरकला. "या गुरुजी."

मी नकारार्थी मान हलवली. त्याला कळलं असावं. त्यानं पुन्हा जनाज्याला खांदा लावला. मी मागून चालत राहिलो. चार पावलंच तर होती, पण माझ्या हातून तेवढीही झाली नाहीत.